चिवटपणाचा पत्ता

थंड मुलखातल्या बागवानाला विचारा, न मरणारे झाड कोणते, तर तो हमखास जिरेनियमकडे बोट दाखवील. आपल्याकडच्या कुंड्यांतले लाल झुबक्यांचे जिरेनियम ते हे नव्हे. ते दक्षिण आफ्रिकेकडचे पेलार्गोनियम. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दोघांना एकाच वंशात (जीनसमध्ये) बसवले आणि १७८९ साली लेरितिए या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांना वेगळे काढले, तरी बाजारात जुनेच नाव चालते. खऱ्या जिरेनियमला पाच पाकळ्यांची, बऱ्याचदा निळी-जांभळी फुले येतात. फुलामागे चोचीसारखे फळ धरते, ते वाळले की त्याच्या पाच पट्ट्या ताडकन वर वळतात आणि बी दूर भिरकावले जाते. हिवाळ्यात पाने जमीनदोस्त होतात, पण यातल्या कित्येक जातींची मुळे उणे २० अंशांखालची थंडीही सोसून वसंतात पुन्हा फुटतात. ‘रोझॅन’ नावाच्या संकराला २०१३ साली लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात शतकातले सर्वोत्तम झाड ठरवले गेले, ते उगीच नव्हे.

असे झाड परंडा तालुक्यातल्या सोनारीत लावावे का? माझे म्हणणे असे, की चिवटपणा ही झाडाने कुठेही सोबत नेण्याची वस्तू नाही. तो झाड आणि जागा यांच्यातला करार असतो. जिरेनियमचा करार बर्फाशी झालेला आहे. सोनारीत बर्फ नाही. इथे पारा चाळिशी ओलांडतो, काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळे तोडते आणि भर पावसाळ्यात चिकट होऊन त्यांचा श्वास कोंडते. कुणी म्हणेल, रोझॅनचे दोन्ही आईबाप हिमालयातले, म्हणजे आपल्याच देशातले. पण झाडाला देशाची सीमा कळत नाही, उंची कळते. कुणी म्हणेल, काही जाती कोरड्या सावलीतही तगतात. तगतात, पण इंग्लंडातली कोरडी सावली आणि मराठवाड्यातला मे महिना यांना एकच शब्द लावणे धाडसाचे आहे. सुगंधी तेलासाठी दुष्काळी पट्ट्यातले शेतकरी जे जिरेनियम लावतात ते पेलार्गोनियमच, आणि उष्ण मैदानी मुलखातल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्याने तेही कुजते. शेडनेट आणि रोजची झारी यांच्या बळावर खरे जिरेनियम कुंडीत जगवता येईलही; मात्र जे झाड माणसाच्या पहाऱ्यावर जगते त्याला चिवट कशाला म्हणायचे?

मग सोनारीत हा करार कुणाचा आहे? गुलबक्षीचा आहे. पाणी तुटले की ती वरून वाळून जाते, जमिनीत मुळाचा जाड कंद राखते आणि पहिल्या पावसावर उठते. तिची फुले उन्हे कलल्यावर उमलतात, म्हणजे दुपारचा तडाखा ती चुकवतेच. रात्री पतंग येतात आणि सुरकुतलेले काळे बी मुळाशीच गळते. सदाफुलीचा आहे, ती ओट्याच्या फटीत उगवते आणि पानांतल्या कडू विषारी रसामुळे शेळी तिला तोंड लावत नाही. कण्हेरीचेही तसेच, आणि काटेकोरांटीला तिचे काटे राखतात. काळभैरवनाथाच्या या गावात खाल्ले न जाण्याची ही बाब किरकोळ नाही. इथली माकडे प्रसिद्ध आहेत, आणि जास्वंदीची कळी त्यांच्या तावडीतून सुटणे कठीण. म्हणजे इथे चिवटपणाला ऊन, माती आणि माकड अशा तीन परीक्षा आहेत; त्यांत बर्फाचा पेपरच नाही.

यावर खरा आक्षेप असा, की गुलबक्षी अमेरिका खंडातली आणि सदाफुली मादागास्करची. मग परकेपणाचा ठपका जिरेनियमवरच का? ठपका परकेपणाचा नाहीच. या दोघींना इथल्या उन्हापावसाने पिढ्यान्‌पिढ्या तपासून ठेवून घेतले आहे. दुसरा आक्षेप, ही फुले अगदीच साधी, दारोदारची. तर इंग्लंडातही जिरेनियम दारोदारचेच आहे. तिथला माळी ते गुलाबाच्या पायथ्याशी दाट लावतो, म्हणजे माती उघडी पडत नाही आणि तणाला जागा उरत नाही. पहिला बहर ओसरला की बुडापासून छाटतो आणि दुसरा बहर घेतो. त्याच्याकडून घ्यायची ती ही रीत. कण्हेरीखाली सदाफुली दाट होऊ द्यावी, ती फार वाढली की छाटावी, गुलबक्षीचा कंद उन्हाळ्यात उकरू नये आणि पडलेले बी झाडून टाकू नये. रोप मागवण्यापेक्षा ही रीत आणणे स्वस्त पडते, आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात बाग टिकायची असेल तर तिची सुरुवात या हिशेबापासूनच व्हायला हवी.