साठ तास

ऑगस्ट २०१८मध्ये लेकीनं मला एक बातमी पाठवली. न्यूझीलंडच्या मंत्री ज्युली ॲन जेंटर बेचाळीस आठवड्यांच्या गरोदर असताना सायकल चालवत ऑकलंडच्या रुग्णालयात बाळंतपणाला गेल्या होत्या. खाली लेकीनं लिहिलं होतं, ‘आई, तुझी मैत्रीण!’ मी बातमी दोनदा वाचली. सायकल विजेवरची होती, सोबत जोडीदार होता आणि रस्ता बराचसा उताराचा होता. उतार म्हटल्यावर मला आधी ब्रेक आठवले.

१९९४ साली, ही लेक पोटात असताना, सातव्या महिन्यात मी सायकलवरून पडले होते. पडले ही चूक तशी लहानच. तिच्या मागची आणि पुढची मोठी.

घर औरंगपुऱ्यात, नोकरी विद्यापीठाकडे. रिक्षात धुरानं मळमळायचं, सायकलवर वारा लागायचा, म्हणून मी सायकल सोडली नाही. इथवर माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. चौथ्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, “दुजीवाची आहेस, आता पुरे.” मी म्हणाले, “डॉक्टरांनी नको म्हटलेलं नाही.” हे खरं होतं. मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी सायकल कमी आणि वाद जास्त चालवू लागले. सहाव्या महिन्यात गुडघे पोटाला लागायला लागले, उतरताना तोल जायचा. पंक्चरवाले चाचा म्हणाले, “ताई, सीट इंचभर खाली घेतो, ब्रेकचे रबरही गेलेत.” मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात. सीट खाली घेणं म्हणजे सासूबाईंपुढे माघार घेणं, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

त्या संध्याकाळी विद्यापीठाकडून उतारानं खाली येत होते. मकाई दरवाजाची कमान अरुंद, समोरून एक रिक्षा घुसली. ब्रेक दाबला तो अर्धाच लागला. पाय टेकायला गेले, तर जमीन नेहमीपेक्षा खोल निघाली. पोट वाढतं तसा शरीराचा तोल पुढे सरकतो, सांधेही सैल होतात. सवयीचा पाय क्षणभर उशिरा पोचतो. तेवढ्यात हँडलचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला लागलं आणि मी आडवी झाले.

फळवाल्यानं उठवलं. “घाटीत सोडू का?” घाटीचं सरकारी रुग्णालय तिथून जवळच. मी आधी हँडल वाकलं का ते पाहिलं, मग म्हणाले, “काही झालं नाही.” सायकल हातात धरून चालत घरी आले. कोपर खरचटलं होतं. दारात घसरले, असं सांगितलं. सासूबाईंनी हळद लावली.

रात्री पोट आवळून यायला लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही अधूनमधून तेच. बाळ कमी फिरतंय असं वाटे, मग एखादी लाथ बसली की मी स्वतःला पटवायचे, चाललंय ठीक. सांगायचं म्हटलं की सासूबाईंचा चेहरा समोर यायचा. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनीच विचारलं, “बाळ फिरतंय ना गं नीट?” आणि माझं अवसान गळालं.

डॉक्टरीणबाई पडल्याबद्दल रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “कधी पडलात?” उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. पोटाला मार बसला की आत वार सुटू शकते, बाहेर एक ओरखडाही दिसत नाही, म्हणाल्या. त्याच दिवशी येऊन निदान चार तास बाळाचे ठोके तपासून घ्यायला हवे होते. मग त्यांनी माझे कागद चाळले. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अशा वेळी एक इंजेक्शन बहात्तर तासांच्या आत द्यावं लागतं. माझे साठ तास अब्रू सांभाळण्यात गेले होते.

दोन रात्री दवाखान्यात, मग बाळंतपणापर्यंत सक्तीची विश्रांती आणि बिनपगारी रजा. लेक धडधाकट झाली, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. सासूबाईंनी “मी म्हणत होते” हे वाक्य कधीच उच्चारलं नाही. त्या म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

१९९८ला दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. म्हणजे नऊ महिने बसून राहायचं ठरवलं होतं. सातव्या महिन्यात रक्तातली साखर वाढलेली निघाली. “रोज चालता का?” “नाही, काळजी घेतेय.” डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. तब्येतीची गुंतागुंत नसलेल्या गरोदर बाईनं आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०मध्ये सांगितलं. ते वाचताना मला तो चष्मा आठवला.

त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्या चपला पुढे ठेवल्या. “सायकल नको तर नको, पण चाल तरी. मी काय ती सीट उगाच खाली घेऊन ठेवली होती?”

पहिल्या बाळंतपणानंतर सायकल बाहेर काढली, तेव्हा सीट इंचभर खाली आणि ब्रेकचे रबर नवे होते. चार वर्षं मला वाटत होतं, हे नवऱ्याचं काम.

आम्ही दोघी गुलमंडीपर्यंत चालत गेलो. फारसं बोललो नाही.