तिरपं टेबल

गिरणी म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं लालबाग-परळची चिमणी येते. माझी गिरणी ती नव्हे. मी आरागिरणीत मजूर आहे. ओंडका आऱ्यापुढं लोटायचा, फळी ओढायची, भुसा उपसायचा. राहतो आसेगावला, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशिम. सुटी झाली की घरामागच्या टिनाखाली नक्षीच्या पट्ट्या काढतो. चौकटीला, कपाटाला, फोटोला लागतात त्या. मिस्त्री लोक त्याला गोला-गलता म्हणतात. फुगीर तो गोला, खोलगट तो गलता. कविताही करतो, पण कवितेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आपलं टेबलाबद्दल लिहितो.

आधी हे काम कसं व्हायचं ते सांगतो. जुन्या सुताराच्या पेटीत एक रंधा नसायचा. सपाटीचा वेगळा, खाचेचा वेगळा, गोल्याचा वेगळा, गलत्याचा वेगळा. प्रत्येकाचं पातं त्या-त्या आकाराला घासलेलं. जितके आकार तितके रंधे. अशी पेटी एका पगारात होत नाही. ती बापाकडून पोराकडं येते, आणि बापाला त्याच्या बापाकडून आलेली असते. माझ्या आज्याकडून बापाकडं काय आलं? एक काठी आणि गावाच्या हाका.

चौदा वर्षांचा असताना मी एका मिस्त्रीकडं गेलो होतो. म्हटलं, काम शिकवा, पैसा नको. माणूस वाईट नव्हता. चहा पाजला. मग म्हणाला, "बापू, तुह्या हाताले हे काम बसनार नाही. आमच्या पोराईच्या हातातच असते ते." माझा हात त्यानं पाहिलासुद्धा नव्हता.

हे नवीन थोडंच आहे! मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्या लोकांना विणकामाच्या खात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आपलं तोंड लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? आणि पगार जास्त होता तो त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढं १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या पुस्तकात त्यांनी सांगितलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. मी ते आरागिरणीत जेवणाच्या सुटीत वाचलं, भुशाच्या पोत्यावर बसून. धोटा मी कधी हातात धरला नाही. पण धोट्याचं मला लगेच समजलं.

आता टेबल.

राऊटर नावाचं एक हातमशीन असतं, आमच्याकडं त्याला ट्रिमर म्हणतात. मोटर, तिच्या तोंडाशी पकड, पकडीत पाव इंची दांडीचं बिट. मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेतं. मी जुनं घेतलं, अठराशे रुपयांत, दोन हप्त्यांनी. बिटं मात्र तीनच घेता आली. एक गोल नाकाचं, एक नागमोडी, एक व्ही आकाराचं. दुकानदारानं पन्नास बिटांची पेटी उघडून दाखवली होती. मी झाकण लावून परत दिली. म्हणजे पुन्हा तेच. जितके आकार तितकी हत्यारं, आणि हत्यारं ज्याच्या खिशात त्याचेच आकार.

तर मी बिटाऐवजी मशीनच वाकवायचं ठरवलं.

टेबल म्हणजे जुन्या दरवाज्याचा अर्धा भाग, खाली चार पाय. त्याच्या मागच्या कडेला दोन बिजागऱ्यांवर एक प्लायची फळी, बारा इंच उंच. फळीला बिजागरीजवळ भोक. पाठीमागून मशीन बोल्टनं आवळलेलं, भोकातून बिट पुढं आलेलं. फळी मागं आडवी पाडली तर बिट सरळ आभाळाकडं. फळी उभी केली तर बिट आडवं, माझ्या पोटाकडं तोंड करून. आणि मधली सगळी जागा आपली. बाजूला प्लायचा अर्धगोल, त्यात चंद्रकोरीसारखी खाच, खाचेत बोल्ट आणि कानाचा नट. पाहिजे तिथं आवळायचं. टेबलावर एक सरळ आडपट्टी, लाकूड तिला टेकून सरकतं. बिटापुरती तिला खाच.

कोन मोजायला कंपासपेटीतला कोनमापक पुरत नाही, फार लहान. मी टेप लावतो. फळी बारा इंचाची आहे. आडव्यातून तिचं टोक सहा इंच वर उचललं की तीस अंश. साडेआठ इंच उचललं की पंचेचाळीस. शाळेत याला साइन म्हणत आणि गुरुजी छडी मारत. एवढ्यासाठी असतं ते, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

बिजागरी खुळखुळी असली की पट्टीवर लाटा उठतात, म्हणून पत्र्याच्या चकत्या घालून ती घट्ट करावी लागते. लाकूड उजवीकडून डावीकडं ढकलायचं, म्हणजे बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध. उलट ढकललं तर बिट लाकूड हिसकून नेतं, सोबत बोटं. एका दमात खोल जायचं नाही. दोन-दोन मिलिमीटर खात जायचं. आणि अरुंद पट्टी आधी चिरायची नाही. रुंद फळीच्या कडेला नक्षी काढायची, मग ती कड चिरून वेगळी करायची. म्हणजे हात बिटापासून लांब राहतात.

तिरपं केल्यानं होतं काय? बिटाचा आकार बदलत नाही, हे आधी कबूल. बिटाची कड तीच. पण ती लाकडावर फिरून बसते. नागमोडी बिट सरळ चालवलं तर बाजारात मिळते तीच पट्टी. वीस अंश झुकवलं की त्याचं पोट लाकडात उतरतं आणि शेपूट हवेत राहतं. वेगळीच कड निघते. गोल नाकाचं बिट झुकवलं की गलता एका अंगाला सरळ उताराचा होतो, पाणी ओघळून जाईल असा. व्ही बिट झुकवलं की एक भिंत उभी, एक लांब. मग दुसऱ्या कोनात दुसरा हात, तिसऱ्यात तिसरा. तीन बिटांत मी आजवर एकोणीस पट्ट्या काढल्या. प्रत्येकीचा वीतभर नमुना खिळ्याला टांगलाय, मागं कोन लिहून. यातल्या काही पट्ट्या कुठल्याच दुकानात नाहीत.

धूळ फार होते. सागवानाची धूळ बारीक, घशात बसते. लाकडाच्या धुळीनं नाकाचा कर्करोग होतो, हे कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९५ साली जाहीर केलं. आमच्या गिरणीत ते कोणाला ठाऊक नाही. मी नाकाला ओला गमछा बांधतो. माय म्हणते, "दिवसभर गिरनीत भुसा खातं, रातच्याले घरी बी भुसाच खातं."

पट्टी विकली जाते. एका मोठ्या घरच्या माणसानं देवघराच्या चौकटीसाठी चाळीस फूट घेतली. बोट फिरवून पाहिली, भाव पाडला नाही. जाताना म्हणाला, "पट्टी त झकास हाय. ठोकाले मात्र मिस्त्रीच येईन आमचा. तू काही मनावर घेऊ नको बापू." मी पैसे मोजून घेतले. मनावर घेतलं तेही मोजूनच.

सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना काढली. अठरा धंदे, पहिलाच सुताराचा, हत्यारांसाठी पंधरा हजार. कागदावर जातीची अट नाही. शब्द आहेत ते कुटुंबाच्या पारंपरिक व्यवसायाचे. माझ्या कुटुंबाचा पारंपरिक व्यवसाय मी कोणत्या शब्दात लिहू, सांगा दोस्तहो.

आणि परंपराच काढायची तर काढू. एकदा सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो होतो. परतताना लोणावळ्याला उतरलो आणि कार्ल्याच्या लेण्यात गेलो. चैत्यगृहाच्या छताला आत लाकडाच्या कमानी आहेत. प्लास्टरच्या नव्हे, दगडाच्या नव्हे, खऱ्या लाकडाच्या, दोन हजार वर्षांच्या. मान वर करकरून दुखली. तिथल्या दाराशी एका सुताराचा लेख कोरलेला आहे. धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी. दार त्यानं केलं. राजा नाही, सावकार नाही, दार करणारा सुतार. बुद्धाच्या दारावर त्याचं नाव राहिलं आणि त्या नावापुढं काम लिहिलंय. त्या दगडात पाहिलं तर लाकडाचेच आकार आहेत. आधी कोणीतरी लाकडात काढले, मग दगडानं त्यांची नक्कल केली.

आमच्या पुऱ्यातल्या विहारात बाबासाहेबांचा नवा फोटो लावायचाय. मी म्हटलं, चौकट मी करतो. मंडळातले म्हणाले, अकोल्याहून सोनेरी आणू, प्लास्टिकची, झगमग करते, वाळवी लागत नाही. वाळवीचं त्यांचं खरं आहे. एक वडीलधारे म्हणाले, "आपल्या पोराचं काम कसंही असलं तरी आपलंच दिसते ना." मला तो 'कसंही' झोंबला. ज्यांनी पट्टी घेतली त्यांनी माझा हात दारात नाकारला, आणि आमचे लोक हात घेतात तर पट्टी न बघता घेतात. मी एकोणीस नमुने पोत्यात भरून विहारात नेले आणि सतरंजीवर मांडले. म्हटलं, फोटो बाजूला ठेवा, मी कोणाचा कोण ते बी ठेवा, पट्टी बघा. तासभर बघत होते. बायांनी जास्त बारीक बघितलं. अकरा नंबरची निवडली, तीही एकमतानं नाही. दोघं अजून सोनेरीवर आहेत.

फोटो अडीच बाय तीन फूट. म्हणजे अकरा फूट पट्टी. दोन इंच रुंदीची धरली तर कोपऱ्यांसाठी सोळा इंच वर, आणि करवतीच्या खाण्याचं धरून तेरा फूट. मालकाकडून तेवढं सागवान चार तुकड्यांत विकत घेऊन ठेवलंय, पगारातून कापून. अकरा नंबर म्हणजे नागमोडी बिट, तीस अंश, मग गोल नाकाचं, पंचेचाळीस. कोपऱ्यांचे काप मात्र या टेबलावर होत नाहीत, ते हातकरवतीनंच करायचे.