विरजण

स्टेट कॉलेज चुनखडीच्या खोऱ्यात वसलंय. इथलं पाणी जड. किटलीत पांढरा थर बसतो, तेवढीच आमची तक्रार असायची. मग घरात काचेची नवी टाकी आली आणि पाचव्या दिवशी लेकीचा गोल्डफिश वर येऊन धापा टाकू लागला. कल्ले लालभडक.

"आई, मरणार का गं हा?"

जो तो औषध सुचवत होता. मी आधी पाणी तपासलं: अमोनिया २ पीपीएम, पीएच ८. पीएच ७ चा ८ झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. मासा स्वतःच हा अमोनिया सोडतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत रुजायला महिना-दीड महिना लागतो. पीएचडीभर जिवाणूच वाढवले, पण त्यांची इतकी आतुरतेने वाट कधी पाहिली नव्हती!

खाणं बंद. रोज निम्मं पाणी बदलायचं, क्लोरीन घालवून, टाकीतल्याइतकंच कोमट करून. सहकाऱ्याच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज आणून फिल्टरमध्ये कोंबला. लेकीने नाक मुरडलं. "विरजण आहे ते," म्हटलं.

आज अकरावा दिवस. अमोनियाची नळी पिवळी, म्हणजे शून्य. नायट्राइटची अजून जांभळी. बादली टाकीपाशीच ठेवलीय.