इंग्रजीचं धावणं, मराठीचं चालणं

पुणे, रविवार

प्रिय चिऊ,



तुझं पत्र आणि सोबत पाठवलेली पंपाच्या माहितीपुस्तिकेची पानं परवा मिळाली. पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस, ‘मावशी, या एका “रन”नं मला रडकुंडीला आणलंय. त्याचे सगळे मराठी प्रतिशब्द एका कागदावर लिहून पाठव, भिंतीवर चिकटवून ठेवते.’ तो कागद मी पाठवत नाही. राग मानू नकोस. इतकी वर्षं भाषांतरं करून मला जे कळलं ते यादीत मावत नाही, म्हणून हे पत्र.

तू अडखळलीस यात तुझं काही चुकलं नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक, पीटर गिलिव्हर, या एकट्या क्रियापदावर सुमारे नऊ महिने बसले होते. त्यांनी त्याचे ६४५ अर्थ वेगळे काढले. त्याआधी, १९८९च्या आवृत्तीत, हा मान ‘सेट’कडे होता, त्याचे अर्थ ४३०च्या घरात.

एवढे अर्थ आले कुठून? ‘रन’चं जर्मन भावंड ‘रिनेन’ आजही पाण्याच्या वाहण्यासाठी वापरतात. म्हणजे पायांचं धावणं आणि पाण्याचं वाहणं या शब्दाच्या कुळात पहिल्यापासून एकत्र नांदत होतं. एकदा सुरू झालं की न थांबता पुढे जात राहणं, हे त्यातलं बीज. मग यंत्रं आली, आगगाड्या आल्या, कारखाने आले, संगणक आले. जे जे सुरू करायचं आणि सुरू ठेवायचं, ते ते इंग्रजीनं याच शब्दाच्या ओटीत घातलं.

आता आपल्याकडे बघ. इंग्रजी जिथे धावते, तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटक दोन दोन वर्षं चालतं, एखादी बाई एकटीच्या जिवावर घर चालवते. घराण्यातला आजारसुद्धा पिढ्यान् पिढ्या ‘चालत आलेला’ असतो. पण सगळीकडे चालून भागत नाही. सर्दीनं नाक वाहतं, धुण्यात साडीचा रंग जातो, ऐनवेळी दूध संपतं, बाजारात अचानक कुणाची गाठ पडते, रस्ता नदीच्या कडेकडेनं जातो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी धावतो. ब्रिटनमधला मात्र उभा राहतो, आणि आपलाही उभाच राहतो. यातलं एक क्रियापद उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून बघ. ‘माझं नाक चालतंय’ म्हटलंस तर आजी डोळे विस्फारून बघेल.

तशीच गोष्ट समानार्थी शब्दांची. पीटर मार्क रोजे या इंग्रज डॉक्टरांनी १८५२ साली आपला ‘थिसॉरस’ काढला. शब्द अकारविल्हे न लावता अर्थाच्या नात्यानं एकत्र आणले. थिसॉरस म्हणजे मूळ ग्रीकमध्ये खजिना, आणि आपल्या ‘कोश’ शब्दाचाही एक अर्थ खजिनाच आहे. पण खजिन्यातली नाणी सारख्या किमतीची नसतात. ‘जॉग’ म्हणजे एका लयीत, दमानं धावणं. ‘स्प्रिंट’मध्ये थोडं अंतर जीव तोडून कापायचं असतं. ‘डॅश’ म्हणजे एकदम मुसंडी. बुजलेला घोडा ‘बोल्ट’ करतो, उंदीर नाहीतर लहान मूल ‘स्कॅम्पर’ करतं. हे सगळे शब्द एका ओळीत बसवले म्हणून ते एकमेकांचे बदली कामगार होत नाहीत.

आणि इथे मराठीला गरीब समजू नकोस. इंग्रजी धावण्याची तऱ्हा क्रियापदाच्या पोटात घालते; आपण ती बहुधा क्रियापदाच्या पुढे उभी करतो, पुष्कळदा नादानिशी. मूल दुडूदुडू धावतं, उंदीर तुरुतुरु पळतो, बैल चौखूर उधळतो, घाबरलेली माणसं सैरावैरा धावतात, चोर पोबारा करतो. शिवाय आपल्याकडे धावणं वेगळं आणि पळणं वेगळं. संकटात माणूस धावून येतो, कधी पळून येत नाही. पळण्यात पाठ दाखवणं आहे, म्हणून पळपुटा आणि पळवाट. धावण्यात कुणाच्या तरी दिशेनं जाणं आहे, म्हणून देवाचा धावा. तेच ‘धावा’ क्रिकेटच्या फलकावर आकडे होऊन बसतात. इंग्रजीच्या एका शब्दासमोर आपण धावायचं की पळायचं हे ठरवतो, तेव्हा वाक्यातल्या माणसाबद्दलचं आपलं मतही ठरवत असतो. कोश ते ठरवून देत नाही.

आता तुझं अकरावं पान. तू लिहिलं आहेस, ‘पंप कोरडा चालवू नये.’ व्याकरण चोख आहे. हेच वाक्य कधीकाळी मीही लिहिलं होतं. ती छापील पुस्तिका मी कौतुकानं तुझ्या मामाला दिली. त्याचा पंप विहिरीच्या काठावर. ‘कोरडा’ हा शब्द वाचून त्याला वाटलं, पंपाच्या ओल्याकोरड्याचं काहीतरी सांगितलंय, आपल्याला काय त्याचं? मे महिन्यात पाणी तळाला गेलं. लाईट रात्रीची होती. त्यानं बटण दाबलं आणि तो घरी येऊन झोपला. पंपातून फिरणारं पाणीच आतल्या सीलला थंड ठेवतं आणि वंगणाचंही काम करतं. पाणी संपलं, पंप हवेवर फिरत राहिला, सकाळपर्यंत सील जळून गेलं होतं. मामा मला एका शब्दानं बोलला नाही. उलट म्हणाला, ‘पाणी नसताना मोटार चालू ठेवू नका, असं सरळ लिहिलं असतं तर कळलं असतं की गं.’

चिऊ, मला हवं होतं ते वाक्य त्यानं पुस्तक न उघडता सांगितलं. कारण त्याला शब्द दिसत नव्हता. त्याला विहीर दिसत होती, मोटार दिसत होती.

म्हणून यापुढे ‘रन’ आला की त्याचा अर्थ काय, असं विचारूच नकोस. तिथे काय होतंय, कुणाला होतंय, ते थांबवायचं आहे की सुरू ठेवायचं आहे, हे विचार. हात भाजल्यावर त्यावर पाणी ‘रन’ करा असं येईल. तिथे नळाखाली हात धरणारी आई डोळ्यांसमोर आण, ‘गार पाण्याची धार धरा’ हे आपसूक सुचेल. कोश जरूर उघड, पण चित्र दिसल्यावर, शब्द तपासून घ्यायला. चित्र दिसायच्या आधी उघडलास तर ६४५ वाटा समोर येतील आणि एकही घरी नेणार नाही.

पानं परत पाठवतेय. खुणा फक्त पेन्सिलीनं केल्या आहेत, पर्याय लिहिलेले नाहीत. पुस्तिका छापायला देण्याआधी एक दिवस मामाकडे जा आणि त्याला सगळी मोठ्यानं वाचून दाखव. ज्या ओळीवर तो ‘म्हणजे?’ असं विचारेल, ती ओळ तिथेच, विहिरीवर बसून, पुन्हा लिही.

तुझी,
मावशी