हवेआधी पेट्रोल

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाची शक्ती वाढवणे म्हणजे सिलिंडरात अधिक हवा कोंबणे, असे सामान्यतः समजले जाते. परंतु वाढीव हवेबरोबर तेवढ्याच प्रमाणात पेट्रोलही पोहोचावे लागते, आणि ते पोहोचवणारी यंत्रणा आधी सक्षम केली नसेल तर मोठा टर्बो इंजिनाच्या नाशालाच कारण होतो. बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगतच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतील एका गॅरेजमध्ये, नोकरीनिमित्त कोल्हापूरहून येथे स्थायिक झालेल्या एका अभियंत्याच्या मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन १० या गाडीवर जे काम झाले, त्यात हा क्रम कटाक्षाने पाळण्यात आला. दोन लिटरच्या, चार सिलिंडरच्या या इंजिनाची मूळ शक्ती सुमारे २९० अश्वशक्ती असून ती ४५०पर्यंत न्यायचे ठरले होते.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बो कमाल दाब देत असताना, मिश्रणात मुद्दाम याहून जास्त पेट्रोल ठेवतात, कारण जादा इंधनाच्या बाष्पीभवनाने सिलिंडर थंड राहतो. पेट्रोल कमी पडून मिश्रण ‘लीन’ झाले की तापमान चढते, न जळलेले मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता स्वतःच पेटते, आणि नॉकिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या धक्क्यांनी पिस्टनच्या कडा काही क्षणांत तुटू शकतात. म्हणूनच या कामाची सुरुवात सुट्या भागांच्या खरेदीने न होता हिशेबाने झाली. टर्बो पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीसाठी तासाला साधारण २७० ग्रॅम इंधन घेते असे धरले, तर ४५० अश्वशक्तीला तासाला सुमारे १२० किलो, म्हणजे १६५ लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. त्यात आता इथेनॉलचाही विचार आवश्यक आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूतच भरलेल्या इंडिया एनर्जी वीकमध्ये सुरू करण्यात आली. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते, पण त्यात ऊर्जा कमी असल्याने या मिश्रित पेट्रोलमध्ये त्याच कामासाठी सहा-सात टक्के अधिक इंधन ओतावे लागते. हे सारे धरून, आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर एकूण वेळेच्या ८० टक्क्यांहून अधिक काळ उघडे राहू नयेत हा दंडक पाळून, मिनिटाला १००० घनसेंटिमीटर सोडणारे इंजेक्टर निवडण्यात आले. ७००० फेऱ्यांवर इंजिनाचे एक संपूर्ण चक्र अवघ्या १७ मिलिसेकंदांत संपते हे लक्षात घेतले, म्हणजे इंजेक्टरच्या सुईकडून किती नेमकेपणाची अपेक्षा असते याची कल्पना येते.

पंपाचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा निघाला आणि या अनुभवाचा खरा गाभाही तोच आहे. पंपावर छापलेला ताशी २५५ लिटरचा आकडा ठरावीक दाबाला आणि ठरावीक व्होल्टेजला मोजलेला असतो. इंजेक्टरच्या तोंडाशी बूस्टचा दाब उलट ढकलत असल्याने रेग्युलेटर इंधनाचा दाब बूस्टइतकाच वाढवत नेतो. मूळ ३ बार आणि बूस्ट १.५ बार असेल तर इंधनाच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, ४.५ बार दाब लागतो, आणि दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. नवा पंप बसवल्यानंतरही वरच्या फेऱ्यांवर रेलमधील दाब खाली येत असल्याचे नोंदींत दिसले. प्रथम संशय पंपावरच गेला, पण मल्टिमीटरने मोजले तेव्हा अल्टरनेटरपाशी १४ व्होल्टच्या वर असलेली वीज पंपाच्या टोकांशी जेमतेम १२ व्होल्ट उरत होती. जुन्या, बारीक वायरिंगमध्ये जवळपास दोन व्होल्ट खर्ची पडत होते आणि पंपाची मोटर त्या प्रमाणात मंद फिरत होती. बॅटरीपासून थेट जाड तार, स्वतंत्र फ्यूज आणि रिले, तसेच चांगले अर्थिंग दिल्यावर त्याच पंपाने दाब राखला. महागड्या पंपाची जाहिरात सर्वत्र दिसते आणि तारेचा विचार सहसा शेवटी होतो, ही या क्षेत्रातील खेदाची बाब आहे.

जुने रबरी पाइप इथेनॉलने फुगतात व चिरतात, म्हणून टेफ्लॉनचे अस्तर असलेले पाइप घेण्यात आले. फिल्टरही कागदाऐवजी स्टीलच्या जाळीचा बसवला. रेल अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून वसाहतीतच तयार झाली, आणि हा बोम्मसंद्र्याचा मोठा गुण म्हणावा लागेल, कारण येथे सीएनसीवर एखादाच नग काढून देणारे कारखानदार शोधावे लागत नाहीत.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे बंधन कायम ठेवले. त्यामुळे ही गाडी केवळ रेसिंग ट्रॅकसाठी राखून तेथे ट्रेलरवरून नेण्याचे ठरले. हे ट्रॅक बंगळुरूपेक्षा कमी उंचीवर असल्याने उंचीचा मुद्दा पुढे आला. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर असल्याने येथील हवेचा दाब ०.९१ बारच्या आसपास असतो. १.५ बार बूस्टवर इंजिनाला येथे एकूण २.४१ बार दाबाची हवा मिळते, तर चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तीच २.५१ बार होते. म्हणजे इंधनाची गरज सुमारे चार टक्क्यांनी वाढते, आणि बोम्मसंद्र्याच्या डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, काठोकाठ पुरणारी यंत्रणा तिथे अपुरी ठरू शकते. हे ध्यानात घेऊन इथल्या चाचणीत पंपाची किमान पंधरा टक्के क्षमता शिल्लक राहील असे पाहण्यात आले.

शेवटी रेलवर दाबाचा सेन्सर बसवून, इंधनाचा दाब बूस्टच्या तुलनेत ठरलेल्या मर्यादेखाली येताच ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाने, बूस्ट तोडावे अशी आज्ञा भरण्यात आली. कोईमतूरच्या कारी स्पीडवेवरील पहिल्याच सरावात, टाकी निम्मी असताना, एका लांब वळणावर ही आज्ञा अमलात आली. पेट्रोल टाकीच्या एका कडेला सरकल्याने पंपाच्या तोंडाशी हवा आली होती. इंजिन शाबूत राहिले. पुढील सरावापूर्वी नेहमी भरलेली राहणारी, दोन लिटरची स्वतंत्र सर्ज टाकी आणि तिच्यासाठी दुसरा पंप बसवण्यात आला.