गोरोगोरोभर मका

प्लेनोमध्ये चांगल्या कामाला पैसे मिळत नाहीत अशी तक्रार मी करणार नाही. डॅलसच्या उत्तरेला लागून असलेलं हे शहर. फ्रिटो-लेचं मुख्यालय इथे होतंच, २०१७ मध्ये टोयोटानेही अमेरिकेतलं आपलं बस्तान इथे हलवलं, बँका आल्या, विमा कंपन्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग पुण्या-ठाण्याची आयटीतली मंडळी. गणेशोत्सवात वडापावचा स्टॉल लावला की दुपारच्या आतच पाव संपतात, वर लोक सुटे पैसे परत घेत नाहीत. अडचण निराळीच आहे. लोकांना वस्तू द्यायच्या असतात. दप्तरं, बूट, लॅपटॉप, फोटोत दिसेल असं काहीतरी. केनियातल्या एका खेड्यात एका बाईने रोज दुपारी चार वाजता कुलूप उघडावं, यासाठी खिशात हात घालायला कुणी चटकन तयार होत नाही. मी ज्या छोट्या संस्थेचे हिशेब बघते, तिचा सगळा कारभार त्या कुलपावर अवलंबून आहे.

"अहो ताई, पगाराला कसली देणगी द्यायची?" असं मला इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांनी सरळ विचारलं होतं. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. शाळेला घंटा दिली की ती वीस वर्षं वाजते, पगार महिनाअखेरीला संपतो.

खेडं होमा बे काउंटीतलं, व्हिक्टोरिया सरोवरापासून जवळ. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी तिथला. डॅलसच्या आसपास केनियन लोकांची वस्ती बरीच आहे. याने गावी आईच्या जागेत दोन खोल्या बांधल्या होत्या, मुलांना शाळेनंतर बसायला. पैसे तो स्वतःच्या खिशातून पाठवायचा. मित्र मदत करायला लागले तसा हिशेब त्याच्या आवाक्याबाहेर गेला आणि मी अकाउंटंट, त्यामुळे आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचे, फॉर्म माझ्या टेबलावर आले. ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, म्हणून मान्यता मिळवायला एकदा कागदांचा ढीग लागतो, पुढे लहान संस्थांना दरवर्षी एक पोस्टकार्डाएवढं विवरण. ते लागोपाठ तीन वर्षं भरलं नाही तर मान्यता आपोआप रद्द होते. तेवढं बघ, म्हणाला. तेवढं बघता बघता मी त्यात पुरती गुंतले.

शाळा असताना केंद्र कशाला, हा प्रश्न इथे प्रत्येक जण विचारतो. केनियात जानेवारी २००३ पासून सरकारी प्राथमिक शिक्षणाची फी बंद झाली. मुलं लोंढ्याने आली, वर्ग मात्र तेवढेच राहिले. वाचताना कोण अडखळतंय हे एका शिक्षकाला कळणार कसं? त्यातून होमा बे म्हणजे एचआयव्हीने सर्वाधिक पोळलेल्या काउंट्यांपैकी एक. मधली पिढीच विरळ झालेली, कितीतरी मुलं आजीकडे वाढतात. आणि विषुववृत्तावर बाराही महिने पावणेसातच्या सुमाराला सूर्य बुडतो, मग घरात रॉकेलची चिमणी. केंद्रात काय आहे? लांब टेबलं, छतावर सोलर पॅनल, कपाटभर पुस्तकं आणि मूल वाचत असताना शेजारी बसून ऐकणारी एक बाई. तिला सगळे म्वालिमू म्हणतात, म्हणजे बाई, मास्तरीण. मीही तेच म्हणते.

सकाळी, शेतातलं आटोपून, बायका येतात. त्यांना शिकायचा असतो फोन. केनियात २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं आणि मोबाईलवरून पैसे पाठवणं खेड्यापाड्यांत पोचलं. आपल्याकडे यूपीआय आलं त्याच्या कितीतरी आधी. पण मेसेज इंग्रजीत किंवा स्वाहिलीत येतो. एका म्हातारीला नैरोबीहून मुलगा पैसे पाठवायचा आणि मेसेज वाचून दाखवायचा पुतण्या. आकडे ओळखायला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिने पुतण्याला सगळ्यांदेखत विचारलं, की मधले पाचशे शिलिंग कुठे जातात? त्यानंतर बायकांची हजेरी अशी वाढली की बाकं कमी पडली. साक्षरतेचा एवढा सरळ प्रचार मी दुसरा पाहिलेला नाही.

प्लेनोतल्या देणग्यांमध्ये सगळ्यांत जड प्रकरण पुस्तकांचं. एका वर्षी आवाहन केलं तर माझ्या गराजमध्ये गाडी लावायला जागा उरली नाही. खोक्यांत काय होतं? एसएटी या कॉलेजप्रवेश परीक्षेच्या जुन्या गाईडांचे गठ्ठे आणि टेक्सासचा इतिहास. इथे चौथीत आणि सातवीत मुलांना टेक्सासचा इतिहास शिकावा लागतो, त्यामुळे ती पुस्तकं घरोघरी पडून असतात. व्हिक्टोरियाच्या काठच्या चौथीतल्या मुलीने अलामोची लढाई का वाचावी? केनियाचा अभ्यासक्रम २०१७ पासून बदलत आला आहे, मान्यताप्राप्त पुस्तकांची सरकारी यादी असते आणि ती पुस्तकं किसुमू शहरातल्या दुकानात मिळतात. जहाजाने खोकी पाठवायच्या खर्चात तिथे कपाट भरतं. आम्ही तसंच केलं. म्वालिमूने यादीबाहेरची एकच मागणी केली होती, बार्बरा किमेन्ये यांची मोझेस मालिका. खट्याळ मुलाच्या गोष्टी. त्या पुस्तकांची पानं आता सुटायला आली आहेत. अभ्यासाची पुस्तकं अजून ठणठणीत.

मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मका तयार होता. किसुमूपासून गाडीने निघालो आणि मध्येच उसाची शेतं लागली. मी कराडकडची, उसातच वाढले. होमा बे काउंटीत न्धिवाकडे ऊस आहे, कारखाना आहे आणि तोडणी आली की केंद्रातली मोठी मुलं दिसेनाशी होतात. आपल्याकडे कोयत्याबरोबर फिरणाऱ्या मुलांसाठी साखरशाळा काढाव्या लागल्या, त्याची आठवण होणं भागच होतं.

त्या भेटीत आंब्याखाली बैठक झाली. विषय उजीचा होता. उजी म्हणजे आपली आंबीलच, मक्याच्या किंवा ज्वारी-नाचणीच्या पिठाची. दुपारी शाळेतून सुटलेली मुलं उपाशीपोटी येतात आणि पाच वाजता पेंगतात, असं म्वालिमूचं म्हणणं. मी प्लेनोहून तयारी करून गेले होते. वर्षभराच्या मक्याचा खर्च काढलेला, तो आम्ही उचलणार, मंडळाच्या दोन कुटुंबांनी कबूलही केलेलं. मी आकडा सांगितला. सहकाऱ्याने तो लुओत, तिथल्या भाषेत, सांगितला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग सहकाऱ्याची आई बोलली. तिला गाव दानी म्हणतं, आजी. ती उठून घरात गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्याला गोरोगोरो म्हणतात. मूळचा तुपा-डालड्याचा डबा, पण केनियातल्या बाजारात तेच धान्याचं माप, मका घेतला तर साधारण दोन किलो बसतो. दानीने तो जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, की मका आमच्या शेतात आहे. सुगीला प्रत्येक घर एक गोरोगोरो देईल. तुम्ही पीठ दळायचे आणि म्वालिमूचे पैसे द्या.

मी रयतच्या शाळेत शिकलेली बाई. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात संस्था काढली, आणि पुढे बोर्डिंगातल्या मुलांसाठी बायका दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या, हे मुष्टिफंडाचं पुराण आम्ही दर वर्षी जयंतीला ऐकायचो आणि जांभया द्यायचो. त्या डब्याकडे बघताना जांभई आली नाही.

पण खरी गंमत पुढे झाली. जे देणार नाहीत त्यांचं काय? तासभर वाद चालला. एक मत होतं, की त्यांच्या मुलांना उजी नाही. दानीने ते उडवून लावलं, मूल जेवणारच. शेवटी ठरलं ते असं: ज्या घराचं माप आलं नाही, त्या घरच्या माणसाला बैठकीत बसता येईल, बोलता येणार नाही. ज्या आजीकडे शेतच नव्हतं, तिचं माप सरपणाच्या मोळीने धरायचं ठरलं. मका कुणाच्या घरी ठेवायचा, त्याला टोके लागू नयेत म्हणून काय करायचं आणि किल्ली कुणाकडे, यावर आणखी तासभर. मी फक्त ऐकत होते, आणि मला वाटतं, तिथे असल्या बैठकीत आमच्यासारख्यांनी तेवढंच करावं.

माझं हे मत प्लेनोत सगळ्यांना पटत नाही, आणि आयआरएसला तर मुळीच पटणारं नाही. अमेरिकन संस्थेने परदेशात पैसा पाठवला तर तो कुठे जावा याचं नियंत्रण संस्थेच्या हाती असलं पाहिजे, असा नियम आहे. नुसती टपालपेटी होऊन चालत नाही. नियम योग्यच आहे, लबाडीला आळा बसतो. मग आम्ही मार्ग काढला. गाव अंदाजपत्रक करतं, प्लेनोतलं बोर्ड ते मंजूर करतं, पैसे गावच्या नोंदणीकृत गटाच्या बँकखात्यात जातात आणि प्रत्येक खर्चाची एम-पेसाची पावती माझ्या फोनवर येते. खडू, बॅटरीचं पाणी, पिठाची गिरणी. कागदोपत्री निर्णय आमचा असतो. मी त्या बोर्डावर असल्यापासून गावाचं अंदाजपत्रक आम्ही एकदाही फिरवलेलं नाही, प्रश्न मात्र पुष्कळ विचारले.

पगार आम्ही शिलिंगमध्ये ठरवतो आणि देणग्या येतात डॉलरमध्ये. २०२४ च्या जानेवारीत डॉलरला एकशे साठच्या आसपास शिलिंग मिळत होते. आमच्या बोर्डावरचे तरुण खूश झाले. उरलेल्या पैशांत टॅब्लेट घेऊ म्हणाले. मी ते पैसे बाजूला ठेवून दिले. वसंत सरतो न सरतो तोच दर एकशे तीसवर आला, आणि म्वालिमूचा पगार त्या बाजूला ठेवलेल्या पैशांतून वेळेवर गेला. खजिनदाराचं काम कंटाळवाणं असतं ते यासाठी.

केनियाच्या शिक्षणाला अमेरिकेतून मदत ही काही नवी गोष्ट नाही. केनियाचे स्वातंत्र्यकाळातले नेते टॉम म्बोया होमा बे काउंटीतल्याच रुसिंगा बेटाचे. १९५९ मध्ये त्यांनी अमेरिकेत फिरून पैसा जमवला आणि एक्याऐंशी विद्यार्थ्यांचं पहिलं विमान न्यूयॉर्कला नेलं. पुढच्या वर्षी केनेडी कुटुंबाच्या फाउंडेशनने एक लाख डॉलर दिले. पुढे नोबेल मिळवणाऱ्या वांगारी मथाई त्या योजनेतून १९६० मध्ये कॅन्ससला शिकायला आल्या. विमानाचं भाडं अमेरिकेने भरलं, पण मुलांच्या हाती द्यायचे पैसे घरच्यांनी आणि गावांनीही जमवले. म्बोयांचा १९६९ मध्ये नैरोबीत खून झाला. दानीला ते साल सांगावं लागत नाही.

फेब्रुवारी २०२१ चं हिमवादळ प्लेनोतलं कुणी विसरणार नाही. डॅलसला पारा उणे एकोणीस सेल्सियसपर्यंत उतरला आणि राज्याची वीजयंत्रणा कोलमडायला आली. पूर्ण अंधारापासून आपण चार मिनिटं सदतीस सेकंद दूर होतो, असं नंतर यंत्रणेनेच सांगितलं. घरात दोन स्वेटरांवर कोट. फोन चार्ज करायला मी ड्राइव्हवेवर गाडीत बसले होते, सकाळचे दहा वाजत होते. म्वालिमूचा व्हिडिओ कॉल आला. तिथे संध्याकाळचे सात, बाहेर अंधारत आलेलं, आत दिवे लागलेले. कोविडने बुडालेल्या वर्षानंतर केनियातल्या शाळा नुकत्याच जानेवारीत पूर्ण उघडल्या होत्या आणि टेबलाशी इतकी गर्दी की दोन मुलं खिडकीत बसलेली. तिने विचारलं, तुमच्याकडे लाईट का नाही? नाही, म्हटलं, सगळ्या गावात नाही. तिला वाटलं मी मस्करी करतेय. मी फोन फिरवून बर्फ दाखवलं, तशी सगळी मुलं स्क्रीनवर झुकली आणि तिचा अर्धा तास वाया गेला. दानीने निरोप पाठवला, की सोलरचं काय लागतं ते कळव, आमचा पोरगा बसवून देईल.

गेल्या वर्षी इथल्या एका गृहस्थांनी मोठी रक्कम देऊ केली. स्मार्ट बोर्ड घ्यायचा, आणि त्याच्यावर त्यांच्या दिवंगत आईच्या नावाची पाटी. रक्कम खरंच मोठी होती, म्हणून मी गावाला विचारलं. उत्तर यायला पंधरवडा लागला; बैठक, मग पुन्हा बैठक. उत्तर असं होतं: बोर्ड नको. मुली मोठ्या झाल्या की महिन्याचे चार दिवस येत नाहीत, कारण संडास एकच आहे आणि त्याला कडी नाही. मुलींसाठी दोन संडास आणि पाण्याची टाकी द्या. पाटी लावायला आमची हरकत नाही, आईंचं नाव आम्ही मोठ्या अक्षरांत लिहू.

हे त्यांना फोनवर कसं सांगायचं, यावर मी आणि सहकाऱ्याने बराच खल केला. शेवटी मीच सांगितलं. पलीकडे इतका वेळ आवाज नव्हता की फोन कटला असं वाटलं. मग ते हसले, अगदी खळखळून. म्हणाले, आई कोकणात आयुष्यभर परसाकडे पहाटे अंधारात गेली, तिला स्मार्ट बोर्डापेक्षा हेच आवडलं असतं. चेक आठवड्यात आला. पाटीचा मजकूर मात्र त्यांनी बदलायला लावला. टाकीवर आईचं पूर्ण नाव, संडासावर नुसतं आडनाव.