वसंताचे तीन मुलूख

पंचांगकर्त्यांनी वसंत ऋतू चैत्र-वैशाखांच्या हवाली केलेला असला, तरी पशुपक्ष्यांची छायाचित्रे घेण्याच्या निमित्ताने ज्याला वर्षानुवर्षे एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात हिंडावे लागते, त्याच्या अनुभवात हा ऋतू एकाच मितीला सर्वत्र सुरू होत नाही. फाल्गुनाच्या मध्यास तो उजनीच्या पाणथळीत प्रस्थानाच्या तयारीच्या रूपाने येतो. त्याच पंधरवड्यात चंद्रपूरच्या अरण्यात पानगळ आणि फुलोरा या दोन्हींना बरोबर घेऊन येतो. आणि लडाखच्या दऱ्यांत, जेथे बर्फाचा अंमल अजून यत्किंचितही ढळलेला नसतो, तेथे केवळ एका श्वापदाच्या हाकेतून त्याची वर्दी मिळते. हवामानाच्या दृष्टीने एकमेकांशी काहीही साम्य नसलेल्या या तीन मुलखांत एकाच ऋतूच्या आरंभी काम करीत राहिल्याने माझी अशी धारणा झाली आहे की, वन्यजीवांच्या छायाचित्राचे कार्य प्राण्याचे रूप दाखविण्यापाशी संपत नाही. तो प्राणी त्या घटकेस कोणत्या ऋतूच्या अधीन होता, याची साक्षही त्या चित्राने दिली पाहिजे.

प्रथम उजनीचा विचार करू. भीमा नदीवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचा यशवंतसागर जलाशय पुणे व सोलापूर जिल्ह्यांच्या हद्दींत दूरवर पसरला. हिवाळी पिकांसाठी पाणी सुटू लागले म्हणजे माघ-फाल्गुनात जलाशयाची पातळी उतरते, भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या बाजूला उथळ पाणी आणि चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात, आणि त्या चिखलातील सूक्ष्म जीवांवर उपजीविका करणारे रोहित पक्षी मोठ्या संख्येने तेथे उतरतात. छायाचित्रकारांची वर्दळ प्रामुख्याने या गुलाबी पंखांसाठी असते आणि त्यात गैर काही नाही. परंतु ऋतूचा खरा तपशील पाहावयाचा असेल, तर नजर जरा बाजूला वळवावी लागते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळाभर पांढरे असते आणि कानामागे तेवढा एक काळपट ठिपका असतो. फाल्गुनात त्याच डोक्यावर हळूहळू तपकिरी रंग चढू लागतो, आणि एकाच थव्यात पांढऱ्या, अर्धवट रंगलेल्या व पूर्ण तपकिरी डोक्यांचे पक्षी शेजारी शेजारी बसलेले दिसतात. विणीच्या हंगामाची ही वर्दी उन्हाळ्याचा पहिला चटका बसण्यापूर्वीच त्यांच्या पिसांवर उमटलेली असते, कारण दिवसाची लांबी वाढत असल्याचे त्यांच्या शरीराला कळलेले असते.

याच काठावर पट्टकदंब हंस आणि चक्रवाक हे दोघे अखेरच्या मुक्कामात असतात. पट्टकदंबाच्या पांढऱ्या डोक्यावरील दोन काळे आडवे पट्टे सकाळच्या तिरप्या उन्हात इतके स्पष्ट उठून दिसतात की, नवशिक्यालाही त्याची ओळख पटावी. हे हंस या दिवसांत काठावरच्या गवतात आणि कापणी झालेल्या रानांत चरण्यात अधिकाधिक वेळ घालवितात. पुढच्या प्रवासासाठी अंगात चरबीचा साठा करणे हे त्यांचे या महिन्यातील मुख्य काम असते. म्हणूनच चांगल्या चित्राच्या लोभाने नाव त्यांच्या अंगावर घालणे आणि थवा उडवून पंख पसरलेल्या अवस्थेत टिपणे, हा मी अपराध समजतो. कारण अशा प्रत्येक उड्डाणात खर्च होणारी शक्ती त्यांनी हिमालय ओलांडण्यासाठी शिल्लक टाकलेली असते. स्थानिक नावाडी मच्छीमार कुटुंबांतले असतात आणि पाण्याचा तळ व पक्ष्यांची मर्जी दोन्ही जाणतात. त्यांना घाई न करता पुरेशा अंतरावर वल्हे थांबवावयास सांगितले आणि कॅमेरा पाण्याच्या पातळीपर्यंत खाली नेला, तर पक्षी आपण होऊन चरत चरत समोरून जातात आणि त्यांच्यामागे चिखल, धुके, मासेमारीची जाळी आणि दूरवरचा ऊस हा सारा मुलूख चित्रात येतो.

पट्टकदंबाच्या प्रवासाविषयी पूर्वी अनेक अद्भुत कथा प्रचलित होत्या. आता पक्ष्यांच्या अंगावर बसविलेल्या यंत्रांमुळे वस्तुस्थिती पुष्कळ स्पष्ट झाली आहे, आणि ती कथांहून कमी विस्मयकारक नाही. यंत्राने नोंदलेली त्यांची सर्वाधिक उंची ७,२९० मीटर आहे. परंतु बहुतांश मार्ग ते याहून बरेच खालून, डोंगराच्या चढउतारांना धरून, आणि शक्यतो रात्री वा पहाटे हवा थंड व दाट असताना आक्रमितात. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू अधिक आवेगाने धरून ठेवते. ही जात मंगोलिया, तिबेट आणि आपल्या लडाखमधील सरोवरांच्या काठी वीण घालते. मंगोलियात गळपट्टे घातलेले पट्टकदंब दक्षिण भारतात आढळलेले आहेत. उजनीच्या काठी उभ्या असलेल्या या पक्ष्याचे चित्र घेताना मला म्हणूनच नेहमी वाटते की, आपण एका ऋतूचा शेवट आणि दुसऱ्या ऋतूची पूर्वतयारी एकाच देहात पाहत आहोत.

आता चंद्रपूरच्या अरण्याकडे, म्हणजे ताडोबाकडे वळू. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. येथील वसंताचे स्वरूप संस्कृत काव्यातल्या वसंताहून अगदी निराळे आहे. साग आपली रुंद पाने टाकून मोकळा होतो, रान आरपार दिसू लागते, कांडोळाचे पांढरे खोड उघडेबोडके उभे राहते. आणि या निष्पर्ण विस्तारात पळस केशरी फुलांनी पेटतो, कुसुमाला तांबडी कोवळी पालवी फुटते आणि मोहाची मांसल फुले रात्रभर गळून पहाटे झाडाखाली सडा पडतो. पळस फुलला की त्यावर साऱ्या रानाचा बाजार भरतो: शिंजीर, कोतवाल, मैना, टकाचोर आणि मध्य आशियात परतण्यापूर्वी थव्याथव्याने उतरणाऱ्या भोरड्या, सर्वांच्या कपाळाला पराग लागलेले असतात आणि एका फुलाचे पराग दुसऱ्याकडे नेण्याचे काम त्यांच्याकडून आपोआप पार पडते. वाघाचा ध्यास घेतलेले प्रवासी अशा झाडापाशी जिप्सी क्षणभरही थांबवू देत नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण या ऋतूचे संपूर्ण अर्थकारण उलगडून दाखविणारे चित्र त्या एका फांदीवर मिळते.

मोहाच्या झाडाखाली पहाटे अस्वल येते, चितळ आणि सांबर येतात, आणि जंगलालगतच्या गावांतील स्त्रिया-पुरुष टोपल्या घेऊन फुले वेचावयास येतात. एकाच झाडावर इतक्या जणांचा निर्वाह अवलंबून असतो. अस्वलाचे चित्र घेणे तांत्रिक दृष्ट्या कठीण आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम उजळ आहे असे गृहीत धरून हिशेब करतो. वाळलेल्या पिवळ्या गवताचा झगझगीतपणा पाहून तो प्रकाश कमी करतो आणि काळे अस्वल आकारहीन डाग होऊन बसते. अशा वेळी गवत थोडे फिके पडले तरी चालेल, पण केसांचा पोत आणि छातीवरचा पांढरा पट्टा शाबूत राहावा, अशा बेताने प्रकाश वाढवावा लागतो. वाघाच्या बाबतीत निराळा विचार आहे. ऊन चढू लागले की तो पाणवठ्याकडे येतो आणि मागच्या पायांनी पाण्यात शिरून बसतो. ते त्याचे आळसाचे बसणे नसून उष्णतेवरचा उपाय आहे, आणि चित्रात तो केवळ मुखवटा म्हणून न येता पाणी, भेगाळलेला काठ आणि पानगळ झालेले रान यांसह आला, तर पाहणाऱ्याला त्या दुपारचा दाह कळतो.

येथे एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. दूरच्या विषयाचे चित्र हवेच्या तरळण्यामुळे मऊ, पाझरल्यासारखे येते, आणि हा दोष केवळ उष्ण प्रदेशाचा आहे अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः हवा तरळते ती उष्णतेमुळे नव्हे, तर जमीन आणि हवा यांच्या तापमानातील अंतरामुळे. ताडोबात सूर्य वर आला की हे अंतर वाढते. पण लडाखमध्येही, हवा गोठणबिंदूखाली असताना, ऊन लागलेला काळा खडक तापतो आणि त्यावरून जाणारी दृष्टी तशीच थरथरते. परस्परविरुद्ध हवामानांत एकच कारण एकच परिणाम घडवून आणते, आणि दोन्हींकडे उपायही एकच आहे: भिंगाची शक्ती वाढवीत न बसता, काम सूर्योदयाच्या आसपास उरकावे आणि अंतराची मर्यादा मान्य करावी.

लडाखचा तिसरा मुलूख या मर्यादेचे शिक्षण पदोपदी देतो. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरांवर आहे आणि तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू सखल प्रदेशाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश कमी असतो. शरीराला त्या हवेचा सराव होईपर्यंत दोन-तीन दिवस स्वस्थ राहणे अनिवार्य असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्रीचे तापमान उणे २० अंशांपर्यंत उतरते, आणि नेमक्या याच दिवसांत हिमबिबट्याचा मीलनकाळ असतो. एरवी मूकपणे वावरणारा हा प्राणी तेव्हा कड्यांवरून दीर्घ हाका देतो, खडकांवर गंधाच्या खुणा ठेवतो, आणि बर्फामुळे खाली उतरलेल्या भरलांच्या मागे तोही दरीच्या तळाजवळ येतो. पुढे सुमारे शंभर दिवसांनी, दऱ्यांत गवत उगवून भरलांना पाडसे होऊ लागतात त्या सुमारास, त्याची पिले जन्माला येतात. अर्थात ज्याला आपण हाडे गोठविणारा हिवाळा म्हणतो, तो त्याच्या वंशाच्या दृष्टीने वसंताचा आरंभ असतो. २०२४ साली जाहीर झालेल्या पहिल्या राष्ट्रीय गणनेत भारतातील हिमबिबट्यांची संख्या ७१८ अंदाजण्यात आली आणि त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये असल्याचे दिसून आले. रुंबक, उले अशा गावांतील माणसे आता त्याच्या शोधाचे काम करतात, घरी पाहुणे ठेवतात. पूर्वी ज्याच्यामुळे मेंढ्यांचे नुकसान तेवढे होत असे, त्याच्यापासून आता त्या घरांना चार पैसे मिळतात, आणि ही त्याच्या रक्षणाची सर्वांत भक्कम तजवीज आहे.

थंडीत उपकरणांचे वर्तन पालटते. विजेरीची शक्ती झपाट्याने ओसरते, म्हणून राखीव विजेऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवाव्या लागतात. बाहेरून आल्यावर बुखारीने तापलेल्या खोलीत कॅमेरा उघडाच नेला, तर त्याच्या आतबाहेर दव साचते, यास्तव दाराबाहेरच तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आत न्यावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच सोडावा. प्रकाशमापकही येथे ताडोबातल्याप्रमाणेच फसतो. शुभ्र बर्फाला मध्यम उजळ समजून करडे करून टाकतो, म्हणून येथेही प्रकाश वाढवूनच घ्यावा लागतो. हिमबिबट्या पुष्कळदा समोरच्या उतारावर शेकडो मीटर दूर असतो, आणि चित्रात तो लहानच येतो. मला त्याची खंत वाटत नाही. त्या प्रचंड उतारावर तो इतका लहान दिसणे, हेच त्याच्या जीवनाचे यथार्थ वर्णन आहे.

चैत्र-वैशाखात याच लडाखच्या पूर्वेकडील चांगथांग पठारावर, ४,५०० मीटरांहून अधिक उंचीवरील त्सो मोरीरी आणि त्सो कार या सरोवरांच्या काठी, काळ्या मानेचे क्रौंच येऊन पोहोचतात, आणि त्यांच्याबरोबरच उजनीकाठी पाहिलेल्या जातींची पुन्हा भेट होते: चक्रवाक, डोक्याचा रंग आता पूर्ण तपकिरी झालेला कुरव आणि पट्टकदंब. काठावर अद्याप बर्फाच्या लाद्या असतात आणि वितळलेल्या अरुंद पट्ट्यात हे हंस जोडीजोडीने उतरतात. माझ्या मुख्य प्रतिपाद्याची रुजुवात याच ठिकाणी होते. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडून, पार्श्वभूमी विरघळवून, पट्टकदंबाचे केवळ डोके चौकटीत भरण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तिने घेतलेले उजनीचे आणि त्सो मोरीरीचे चित्र शेजारी ठेवल्यास कोणते कोठले हे सांगता येणार नाही. मिती आणि ठिकाण नसलेला दस्तऐवज जसा पुराव्यात टिकत नाही, तशी ही चित्रे कितीही देखणी असली तरी निसर्गाच्या दप्तरात उभी राहत नाहीत.

या कलेच्या आरंभी ही दृष्टी होती. संयुक्त प्रांतातील वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, पायवाटेवर ताणलेल्या तारेला पाय लागताच प्रकाश पडून चित्र उठेल अशी योजना करून, वाघांची रात्रीची छायाचित्रे घेतली आणि १९२७ साली ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ या ग्रंथात प्रसिद्ध केली. त्यांत वाघ आपल्या वाटेवर आपल्या कामाला निघालेला आहे. छायाचित्रकाराने त्याला बोलाविलेले वा हटकलेले नाही. आज पक्ष्याची ध्वनिमुद्रित शीळ वाजवून त्याला समोर आणण्याचे प्रकार वसंतातच अधिक होतात, कारण विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत परका शिरला असे समजून धावून येतो. अशा फसवणुकीत त्याचा जो वेळ जातो, तो घरटे आणि पिले यांच्या वाट्याचा असतो. घरट्याचे चित्र तर घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपली पायवाट शिकाऱ्यांना आणि कावळ्यांनाही ठावठिकाणा दाखविते.

तरुण छायाचित्रकारांना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच की, प्रत्येक चित्राबरोबर तारीख, ठिकाण, वेळ आणि हवेची स्थिती लिहून ठेवावी, आणि ईबर्डसारख्या सार्वजनिक नोंदवहीत ती नोंद दाखल करावी. पळस कोणत्या आठवड्यात फुलला, पट्टकदंब उजनीहून केव्हा निघाले, त्सो कारच्या काठचा बर्फ किती उरला होता, हे सांगणारी सामान्य चित्रेही, हवामान पालटत असताना, पुढील पिढीच्या अभ्यासकाला आमच्या पारितोषिकप्राप्त चित्रांहून अधिक उपयोगी पडतील. तेव्हा भिंग थोडे मागे घ्यावे, प्राण्याभोवतीचा मुलूख चौकटीत येऊ द्यावा, आणि आपल्या कौशल्याचा निम्मा वाटा तरी त्या ऋतूच्या सेवेस लावावा.